डिझेल काढण्याआधी

नांदेड

चि. बापूस,


तुम्ही तिघा मित्रांनी गोव्यात शिडाची जुनी बोट घेतली हे ताईने लातूरहून फोनवर सांगितलंच होतं. आता तुझं पत्रही आलं. बोटीतलं तीस हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन उतरवून बॅटरीवरची मोटर बसवायची म्हणतोस. समुद्रातल्या बोटीचं नांदेडच्या वाइंडिंगवाल्या मामाला काय कळणार, असं तुझे मित्र म्हणतील. त्यांचंही खरं आहे. आमच्याकडे बोट आणि इंजिन म्हटलं की गोदावरीतला वाळूउपसा आठवतो. महसूलवाले पकडलेल्या बोटी जिलेटिनने उडवतात, तेवढीच बातमी. पण डिझेल काढून वीज बसवणं मराठवाड्यातल्या विहिरींनी पुरेपूर अनुभवलंय, आणि माझं दुकान त्यावरच चालतं.

विहिरीवरचं इंजिन कधी हटलं? थ्री फेजची तार बांधापर्यंत आली तेव्हा. तरी शहाण्या शेतकऱ्याने इंजिन भंगारात दिलं नाही, गोठ्याशेजारी झाकून ठेवलं. कारण लाइट यायची रात्रीची, व्होल्टेज कमी, आणि ऐन हंगामात डीपी जळायची. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते. मग ती माझ्याकडे येते. झाकण उघडलं की करपलेल्या वॉर्निशचा वास येतो, तांब्याची वेटोळी काळी पडलेली असतात. दोष मोटरचा क्वचितच असतो. तिला हवी तेवढी वीज हवी तेव्हा मिळालेली नसते, एवढंच.

आता 2024 पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. जमिनीप्रमाणे 3, 5 किंवा साडेसात हॉर्सपॉवरचा पंप मिळतो, सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे. दिवसा ऊन आहे तोवर पंप चालतो. आभाळ आलं तर पाणी उद्या देता येतं, शेततळं असेल तर साठवलेलंही वापरता येतं. तुझ्या बोटीचा फरक इथेच आहे. पंप थांबला तर पीक एक दिवस तहानलेलं राहील. मांडवीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत मोटर थांबली तर बोट वाळूच्या दांड्यावर जाईल.

2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ते ताईला चांगलं आठवतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा त्या मार्गावर विजेची तार नव्हती, डिझेल इंजिनानेच ती गाडी ओढली. पुढे तार आली आणि विजेची इंजिनं धावू लागली. रेल्वेच्या डोक्यावर सगळ्या वाटेत तार असते. तुला ती सगळी वीज बोटीत भरून सोबत न्यावी लागणार, आणि सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो.

लिटरभर डिझेलमध्ये जवळपास दहा युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली तीन युनिट शाफ्टला देतं, बाकी उष्णता आणि धुरात जाते. तरी साठ लिटरच्या टाकीतून शाफ्टला 180 युनिट मिळतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची दहा युनिटची बॅटरी साधारण शंभर किलोची; डिझेलची बरोबरी करायची तर दोन टनांच्या आसपास बॅटऱ्या लागतील. तुझ्यासारख्या बोटीत ते बसणार नाही. म्हणजे बरोबरीचा नाद सोडायचा आणि वेग कमी करायचा. पाण्यात वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते. उलटही तेच: वेग थोडा सोडला की वीज खूप वाचते. समजा, सहा नॉटला तुझ्या बोटीला 12 किलोवॉट लागतात. मग चार नॉटला साडेतीनच्या जरा वर पुरतात. दहा युनिटच्या बॅटरीतली आठ वापरायची धरली, तर सहा नॉटने चाळीस मिनिटांत चार सागरी मैल होतील. चार नॉटने सव्वादोन तास चालून जवळजवळ नऊ मैल. वारा आणि ओहोटी समोरून असेल तर यातलं बरंच कापून घे. डेकवर किलोवॉटभर पॅनेल लावले तर उन्हाळ्यात दिवसाला चारेक युनिट येतील, म्हणजे चार नॉटने तासभराची चाल. पावसाळ्यात त्याचा भरवसा नको. धक्क्यावर 16 अँपिअरचं सॉकेट मिळालं, तर आठ युनिट भरायला तीनेक तास लागतील.

केरळमध्ये वैक्कमच्या फेरीवर ‘आदित्य’ ही सौर बोट 2017 पासून 75 प्रवासी नेते. कोचीत 2023 पासून वॉटर मेट्रोच्या बोटी बॅटरीवर चालतात. पण या बोटी मुळातच बॅटरीसाठी आखलेल्या आहेत, हलक्या, दोन सांगाड्यांच्या. वाट ठरलेली, अंतर थोडं, आणि चार्जिंग ठरल्या धक्क्यावर. तुमची जुनी बोट डिझेलच्या वजनाला आणि सवयीला बनलेली आहे. बॅटऱ्या पुढे-मागे कुठे ठेवता, यावर ती पाण्यात कशी बसेल ते ठरेल.

कामात दोन गोष्टी सांभाळा. पहिली जोडणीची. मोटर उलटी फिरवायला गिअरबॉक्स लागत नाही, आपण पंपाला दोन फेज अदलाबदल करतो तसा हा खेळ कंट्रोलर करतो. पण मोटर आणि पंख्याचा शाफ्ट सरळ रेषेत नसेल, तर बेअरिंग आणि शाफ्टचं ग्लँड दोन्ही जातील. कपलिंगच्या दोन तोंडांत फीलर गेज घालून, शाफ्ट पाव-पाव फेरी फिरवत चारही ठिकाणी फट मोजा. शेवटची मोजणी बोट पाण्यात उतरल्यावरच करा, कारण ठोकळ्यांवर उभी बोट आणि तरंगणारी बोट यांच्या सांगाड्याचा ताण वेगळा असतो. दुसरी गोष्ट तारांची. 48 व्होल्टवर दहा किलोवॉट म्हणजे दोनशेहून जास्त अँपिअर. केबल जाड हवी, फ्यूज बॅटरीच्या तोंडाशीच हवा, लग नीट दाबलेले हवेत. खाऱ्या हवेत ढिला सांधा हिरवा पडतो, तापतो आणि आग लावतो.

माझा निकाल असा. सकाळी निघून दुपारी त्याच धक्क्यावर परत यायचं असेल आणि बाहेर शिडावर चालवायचं असेल, तर बेलाशक मोटर बसवा. आवाज नाही, धूर नाही, डिझेल गळून नदीत जात नाही. पण रत्नागिरी, मुंबईकडे जायचे बेत असतील, तर इंजिन ठेवा, नाहीतर बोटीत जनरेटर तरी असू द्या. कामाला हात लावण्याआधी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा.

आणि एक काम आताच सुरू कर. इंजिन आहे तसंच ठेवून एका वहीत प्रत्येक फेरीला लिही: इंजिन किती वेळ चाललं, किती आरपीएमवर, किती डिझेल गेलं, वारा आणि भरती कुठून होती. ती वही मला पाठव. ती पाहिल्याशिवाय मोटर आणि बॅटरीचा एक रुपयाही आगाऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा