सात दिवसांचं शिबिर आणि बारा महिन्यांचं पाणी

आमच्या संग्रामपूर तालुक्यात पाणी दोन चवींचं आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळा-टुनकीकडे, ते गोड लागतं. दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा सुरू होतो. वान धरणावरची 140 गावांची पाणीपुरवठा योजना आली ती यामुळेच. किडनीचे आजार हा आमच्याकडे घरोघरीचा विषय आहे. त्यामागे खारं पाणी किती आणि इतर कारणं किती, ते डॉक्टर सांगतील. पण डोंगरावरचं पावसाचं पाणी वरच्या गावात मुरलं, तर खालच्यांच्या वाट्याला थोडं तरी बरं पाणी येईल, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

म्हणूनच कॉलेजची मुलं 'पाणलोट' लिहिलेलं बॅनर घेऊन गावात शिबिराला येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. आमचा जिल्हा ज्या विद्यापीठात येतो, त्याला तर संत गाडगेबाबांचंच नाव आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणात समाजात जाऊन केलेल्या प्रकल्पाला क्रेडिटही मिळतं. म्हणजे हेतू चांगला आहे आणि तासही ठरलेले आहेत. प्रश्न आहे, हे तास कशावर खर्च होतात हा.

शिबिरं बहुतेक हिवाळ्यात होतात. तेव्हा विहिरीला पाणी असतं, हवा छान असते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून मुलं वनराई बंधारा बांधतात. पण हा बंधारा पाऊस संपता संपता, नाला वाहता असतानाच घालायचा असतो. जानेवारीत कोरड्या नाल्यात घातला तर त्यात अडणार काय? फोटो निघतो, अहवाल जातो. मे महिन्यात त्याच विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा ती मुलं परीक्षा देऊन घरी गेलेली असतात.

चर खोदण्याचंही तसंच. श्रमाचे संस्कार हवेतच. पण खोदणारे हात आमच्या गावात आहेत, आणि त्यांना रोजगार हमीची मजुरीही हवी आहे. मोताळा तालुक्यातलं सिंदखेड 2018च्या वॉटर कपमध्ये राज्यात दुसऱ्या क्रमांकावर आलं. तिथे पाहुणे श्रमदानाला एक दिवस येत. 45 दिवस राबणारं मात्र गाव होतं.

मग विद्यार्थ्यांनी करायचं काय? मोजायचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. कॉलेजने एक नाला निवडावा, त्याच्या काठच्या दहा विहिरी ठरवाव्यात आणि याच चार महिन्यांत दोरी सोडून पाणी किती खोल ते बघावं. साध्या मीटरने क्षार तपासावेत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत आणि आमच्या मोहल्ल्यात उर्दूतही लिहावेत. तीन वर्षांच्या पदवीत एका विहिरीच्या बारा नोंदी होतील. पुढची तुकडी तेराव्या नोंदीपासून सुरुवात करेल.

उर्दूचं म्हणते त्याला कारण आहे. एकदा सर्वेक्षणाला आलेल्या मुलीने आमच्या शेजारच्या खालांना विचारलं, "आपल्या कुटुंबाचा पाण्याचा प्रमुख स्रोत कोणता?" खाला माझ्याकडे बघू लागल्या. मी सांगितलं, "पानी कां से लाते, पूछ रही." मग त्या अर्धा तास बोलल्या. कोणत्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, वुजूला कोणतं वापरायचं, प्यायला कॅन कितीला पडतो, आणि नळ आला नाही की काय करायचं. फॉर्मवर उत्तरासाठी एकच चौकोन होता. त्या मुलीचं कौतुक असं की तिने कागद उलटा करून मागे लिहायला सुरुवात केली. शिक्षण झालं ते तिथे.

सातपुडा ओलांडला की पलीकडे तापीकाठी बुऱ्हाणपूर आहे. आमची पूर्णाही शेवटी तापीलाच मिळते. तिथे 1615च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यातून मुरून तापीकडे जाणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत अडवून शहराला पुरवलं. हा आपला वारसा म्हणून आपण अभिमानाने सांगतो, सांगावाच. पण कुदळ पडण्याआधी कुणीतरी उतार पाहिला होता, खडक पाहिला होता, पाणी कुठून कुठे जातं ते शोधलं होतं. वारसा घ्यायचा तर तो घ्यावा.

कॉलेजांना आमची एवढीच विनंती आहे: जानेवारीत या, पण मे महिन्यातही या. आमच्या शाळेची सातवी-आठवीची मुलं दोरी धरायला तयार आहेत, आणि दोन्ही भाषांत आकडा लिहायला आम्ही त्यांना शिकवू.