सुनेचं सामान



इथे आपण घराण्याच्या, गणपतीच्या, जुन्या मराठी शाळांच्या आठवणी वाचतो. मी आज आमच्या गॅरेजबद्दल लिहितोय. विषय जरा वेगळा वाटेल, पण घरातलाच आहे. लांबलंय, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही ताळगावात राहतो, पणजीला लागून. वडील मूळ सावंतवाडीकडचे. १९६४ साली मराठी प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून गोव्यात आले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं तेव्हा गावोगाव मराठी शाळा काढल्या होत्या आणि मास्तर हवे होते. आई बेळगावची. लग्न होऊन फोंड्याकडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक आणि एक तंबोरा होता. माहेरी ती गाणं शिकत होती. दोन खोल्यांत सहा माणसं; तंबोऱ्याला जागा कुठली? तो स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर गेला. खाली चुलीचा धूर, वर कौलांतून येणारी पावसाची ओल. तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यानंतर खाली काढला तर भोपळा तडकलेला. कुणी काही बोललं नाही, आईसुद्धा नाही. पुढे ती घरात आरत्या म्हणायची, तेवढंच. गवई लोक रेडिओवर लागले की मात्र हातातलं काम थांबवायची, हे मी लहानपणी पाहिलंय.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांचं लग्न झालं. सूनबाई बडोद्याची. तिच्या घरचे चार पिढ्या तिकडेच, त्यामुळे मराठी अगदी स्वच्छ, फक्त मध्येच एखादा गुजराती शब्द येतो. इंजिनिअरिंगला ती गोव्यात आली आणि दोनापावलाला विंडसर्फिंग शिकली. नोकरी लागल्यावर पहिल्या तीन वर्षांच्या पगारातून तिनं एकेक वस्तू जमवली. बहुतेक सगळी सेकंडहँड, पण चांगली.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक रुंद बोर्ड असतो. त्यावर डोलकाठी, म्हणजे मास्ट, अशा सांध्यावर बसवतात की ती कुठल्याही दिशेला कलते आणि फिरते. मास्टवर शीड. हातात धरायला आडवा दांडा, त्याला बूम म्हणतात. सुकाणू नाही. शीड पुढे कलवलं की बोर्ड वाऱ्यापासून दूर वळतो, मागे कलवलं की वाऱ्याकडे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर या दोघांनी १९६८ साली अशा बोर्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९८४ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. आपल्या गोव्यात तर डेन आणि कात्या कोएल्हो ही भावंडं यात भारताकडून उतरलेली आहेत. म्हणजे खूळ वगैरे काही नाही. पण सामान अवाढव्य, हे खरं.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिच्या भाड्याच्या फ्लॅटवरून टेम्पो आला. कपड्यांच्या दोन बॅगा, पुस्तकांचे चार खोके आणि बाकी सगळं हेच. दोन बोर्ड, मोठा साधारण नऊ फूट लांब आणि अडीच फुटांहून जास्त रुंद. दोन मास्ट, एक ४०० चा आणि एक ४३० चा, म्हणजे तितके सेंटिमीटर. प्रत्येकाचे दोन तुकडे होतात. तीन शिडं, साडेचार, साडेपाच आणि साडेसहा चौरस मीटरची. दोन बूम, फिन, हार्नेस, दोऱ्या. शेजारची मंडळी कुंपणापाशी येऊन बघून गेली. आमची ही हळूच म्हणाली, "रुखवत बघायला आलेत."

सामान व्हरांड्यात राहिलं. एका बाजूला मास्ट, दुसऱ्या बाजूला बोर्ड भिंतीला टेकवलेला. येताजाता पाय अडकायचा. कुणी तक्रार केली नाही, पण सून येणाऱ्याजाणाऱ्याची माफी मागायला लागली. गॅसवाल्याची, पोस्टमनची, माझ्या मित्रांची. "सॉरी हं काका, माझंच सामान आहे." मला ते ऐकवेना. मग एके दिवशी जेवताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "बाबा, मी ते सगळं विकायला टाकलंय. रविवारी एक जण बघायला येणार आहे. उगाच जागा अडते."

मी विचारलं, "तुला विकायचंय का?"

ती म्हणाली, "जागाच नाहीये ना बाबा."

हे उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं, "आधी मला आठ दिवस दे. मग विक नाहीतर ठेव, तुझं तू ठरव."

आमचं गॅरेज १८ फूट बाय १० फूट. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, आडव्या तीन तुळया. मी सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो, तेव्हा कागदावर आखल्याशिवाय हात चालत नाही. गाडी आत ठेवली की एका बाजूला साधारण चार फूट उरतात. पण त्या चार फुटांत काय काय होतं! जुना रगडा, बंद पडलेली स्कूटर, उरलेली कौलं, नारळांची पोती, आईची ट्रंक, आणि वर तुळईला बांधलेली माटोळीची चौकट.

गोव्याबाहेरच्या मंडळींसाठी: चवथीला गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, केळी, तोरिंजन, रानातली फळं, वेली बांधतात. ती माटोळी. वडिलांनी गोव्यात आल्यावर शेजाऱ्यांचं बघून ती सुरू केली, आता ती आमचीच झालीय. वर्षातले अकरा महिने चौकट गॅरेजमध्ये असते.

स्कूटर भंगारात दिली, रगडा परसात नेला, कौलं कुंपणाशी रचली. आईची ट्रंक तिथेच राहिली, त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

आता रॅकचं सांगतो. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिली अडचण भिंतीची. जांभा मऊ आणि सच्छिद्र. ड्रिल मारून फास्टनर ठोकला तरी ओझं पडलं की भोक भुगा होऊन मोठं होतं. म्हणून भिंतीवर काहीच टांगलं नाही. घराचं छप्पर बदललं तेव्हाचे सागाचे वासे ठेवले होते, त्यांतले दोन उभे केले, एकमेकांपासून साडेचार फुटांवर. वरचं टोक तुळईला बोल्टनं आवळलं. खाली लाकूड जमिनीला टेकलं तर वाळवी आलीच, म्हणून जुन्या वाड्यांत असतात तसे दगडी तळखडे बसवले आणि वाशांच्या खालच्या हातभर भागाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. ते लावताना हातमोजे घालाच, कातडी भाजते.

अंतर साडेचार फूटच का? बोर्ड नऊ फुटांचा. दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर आधार मिळाला तर तो मध्ये वाकत नाही आणि टोकंही लोंबत नाहीत.

बोर्ड आडवे पसरून ठेवायचे तर अडीच फुटांहून लांब हात काढावे लागले असते आणि गाडीचं दार उघडलं नसतं. म्हणून ते कडेवर उभे ठेवले, ताटाळ्यात ताटं ठेवतो तसे. प्रत्येक वाशाला दोन फुटांचा एक आडवा हात, त्यावर सात इंच रुंदीचे दोन खण. बोर्डाच्या आत हलका फोम आणि वर पातळ कवच असतं, टणक कडेवर टेकला की खळगा पडतो. गादी म्हणून सतरंजीचे तुकडे लावणार होतो, पण सून म्हणाली, "कापड नको बाबा, ते खारं पाणी धरून ठेवतं." मग एसीच्या तांब्याच्या नळीवर काळ्या रबरी फोमची जी नळी चढवतात ती आणली, उभी चिरून हातांवर चढवली. ती पाणी पीत नाही.

मास्टसाठी वर दोन्ही वाशांना लाकडी खुंट्या, किंचित वर कललेल्या. चार तुकडे चार जोड्यांवर. हे तुकडे पाण्यातून आल्या आल्या वेगळे करायचे असतात. वाळू आणि मीठ सांध्यात बसलं की मग दोन माणसांनी ओढूनही सुटत नाहीत. बूम त्याच खुंट्यांच्या पुढच्या टोकाला लटकतात.

राहिली शिडं. ती घडी करून ठेवता येत नाहीत, पारदर्शक फिल्मला चीर पडते. टोकाकडून गुंडाळत आणायची आणि पिशवीत लांब ठेवायची. सहा-सात फुटांच्या पिशव्या. जमिनीवर उंदीर, भिंतीला ओल. वर बघितलं तर माटोळीची चौकट. सूनही तिकडेच बघत होती. ती म्हणाली, "आई, यावर ठेवली तर?"

आमची ही म्हणाली, "ती नाही हं. ती देवाची." आणि मग लगेच माझ्याकडे वळून, "तिला तशीच दुसरी करून द्या की."

केली. जुन्या रिपांची सात फूट बाय दोन फूट चौकट, मध्ये पाच आडव्या पट्ट्या. चार कोपऱ्यांना दोर, दोर तुळईवरून कप्पीतून खाली. शेजारचे मेस्त येऊन लाकडाचे सांधे तपासून गेले. दोर बांधायची वेळ आली तेव्हा मी आमची नेहमीची गाठ मारत होतो. सून म्हणाली, "थांबा, मी बांधते." तिनं एक फास घातला, बो-लाइन म्हणतात त्याला. कितीही ताण दिला तरी सरकत नाही आणि काम झालं की बोटानं सुटतो. साठ वर्षं माटोळी बांधणाऱ्या घरात हा फास कुणाला येत नव्हता.

लाकूड घरचंच, त्यामुळे बोल्ट, दोर, कप्प्या, फोम मिळून चार हजारांच्या आत भागलं. आठाचे अकरा दिवस झाले. गाडी आत येते, दार उघडतं.

रविवारी येणारा माणूस पुढच्या रविवारी आला. सूनच त्याच्याशी बोलली, आम्ही दोघं मुद्दाम घरात थांबलो. अर्ध्या तासानं तो लहान बोर्ड घेऊन गेला. मी बाहेर आलो तर ती म्हणाली, "तो मला तसाही लहान पडत होता. बाकीचं नाही विकलं." रॅकचा एक खण मोकळा राहिला. तिथे आता काय येणार, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पहिला पावसाळा गेला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला, ते चार महिने सगळं आतच. शेवटच्या दिवशी सामान गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवलं, मगच वर चढवलं. ऑक्टोबरात उतरवलं तर शिडं ठणठणीत, बोर्डाला डाग नाही. हार्नेसवर तेवढी बुरशी आली, म्हणून तो आता घरात कपाटात असतो. उन्हाळ्यात गॅरेज तापतं तेव्हा ती बोर्डावरचा छोटा स्क्रू सैल करते, आतली हवा प्रसरण पावते म्हणून. पाण्यात नेण्याआधी घट्ट करते. तिनं हे एका कागदावर लिहून वाशाला चिकटवलंय, "स्क्रू!!!" असं तीन उद्गारचिन्हांसकट.

फेब्रुवारी ते मे, दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की ती जाते. आमची ही तिला थर्मासमध्ये सोलकढी भरून देते. संध्याकाळी परत आल्यावर माफी मागत नाही. "बाबा, नळी द्या" म्हणते आणि अंगणात सामान धुवायला घेते. यंदाच्या चवथीला माटोळी सासू-सुनेनं मिळून बांधली. सुपारीचे घोस, नारळ, सगळं त्याच नव्या फासानं. विसर्जनानंतर सोडायला नेहमी सुरी लागायची, यंदा लागली नाही.

आई आता नाही. तिचा तंबोराही कधीच गेला. पण मला वाटतं, माहेराहून आलेल्या वस्तूला सासरी कोरडी, उंदीर न लागणारी, हक्काची जागा मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. माणसाला "हे घर तुझंच" असं तोंडानं कितीही सांगा. त्याची वस्तू माळ्यावर कुजत असेल तर त्याला ते पटत नाही. आणि जागा करायला मोठं घर लागतं असंही नाही. दोन जुने वासे पुरले.

मापांचं रेखाचित्र कुणाला हवं असेल तर सांगा, हातानं काढून फोटो टाकतो. आणि तुमच्या आईनं, आजीनं, सुनेनं माहेराहून आणलेलं असं काही असेल, पेटी, शिवणयंत्र, रंगांची पेटी, सायकल, तर त्याचं पुढे काय झालं तेही लिहा. जागा मिळाली असेल तरी लिहा, नसेल मिळाली तरी लिहा.