कडाक् होण्याआधी

कायरोप्रॅक्टर म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो आवाज. कडाक्! मोबाइलवर रील सुरू होतं, कुणाची तरी मान वळते, आवाज येतो, तो माणूस डोळे मिटून हसतो आणि आपण इकडे खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःची मान चाचपतो. दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसणाऱ्या आपल्या जमातीला हा आवाज म्हणजे जणू मोक्षच. पण बॉस, खरा फंडा आवाजात नाहीच. सांधा ताणला की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडतानाही तोच येतो. हाड ‘जागेवर बसल्याचा’ तो पुरावा नव्हे. महत्त्वाचं सगळं होतं ते त्याच्या आधी. आणि ते कुणी रीलमध्ये टाकत नाही, कारण बघायला अगदीच बोअर असतं.

मी ते अनुभवलं आयोवात. पुण्याहून डेस मॉइन्सला ऑनसाइट गेले होते, एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर. आयोवा म्हणजे कायरोप्रॅक्टिकचं माहेर. १८९५ साली डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीवर पहिली अ‍ॅडजस्टमेंट केली, आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला. (कानाचा पाठीशी संबंध काय, हे मला विचारू नका. बाकीचे डॉक्टरही तेच विचारत आलेत!) पामरांनी काढलेलं कॉलेज तिथं आजही आहे. त्यामुळे ऑफिसात नुसतं ‘पाठ दुखतेय’ म्हटलं की तीन जण तीन कायरोप्रॅक्टरचे नंबर देतात. आपल्याकडे कमरेत उसण भरली की आजी पायाळू माणूस शोधायला निघते ना, तसंच.

पायाळूवरून आठवलं. माझ्या बाबांच्या कमरेत उसण भरली तेव्हा त्यांना आधी पायाळू माणसाची लाथ मिळाली, मग एका मालिशवाल्याने कंबर पिळून दिली. बाबांचा डावा पाय हळूहळू कमजोर होतोय, हे त्या दोन महिन्यांत कुणी तपासलंच नाही. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण पाऊल आजही नीट उचलत नाही. डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते. म्हणून माझ्या डाव्या पायात कमरेपासून पोटरीपर्यंत पहिल्यांदा करंट गेला तेव्हा मला आधी ती चप्पलच दिसली.

कायरोप्रॅक्टर बाई पन्नाशीच्या होत्या. पहिली पंधरा-वीस मिनिटं त्यांनी मला हातही लावला नाही, नुसते प्रश्न. कधीपासून? पडलीस का? रात्री दुखण्याने जाग येते का? ताप, उगाच वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर? लघवीवर ताबा आहे ना? सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधीर वाटतो का? शेवटच्या दोन प्रश्नांना मी लाजून हसले. त्या हसल्या नाहीत. या दोनांपैकी एकाचंही उत्तर गडबडीचं आलं असतं तर मी तडक इमर्जन्सीत गेले असते, कारण तिथं मज्जातंतूंचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो आणि उशीर महागात पडतो.

मग उभं केलं. खांदे एका रेषेत आहेत का, कमरेची हाडं समान उंचीवर आहेत का. पुढे वाकवून बरगड्या एका बाजूने वर येतात का ते पाहिलं; कण्याला बाक असेल तर तो असा दिसतो. पुढे, मागे, बाजूला झुकवलं. मग एकेक मणका अंगठ्याने दाबत खाली आल्या. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘हा मणका अडकलाय’ असं बोटांनी ओळखण्याच्या बाबतीत दोन तपासणाऱ्यांचं सहसा एकमत होत नाही, हे संशोधनात वारंवार दिसलंय. ‘दाबल्यावर कुठे दुखतं’ यावर त्यापेक्षा बरं जमतं. त्यामुळे नुसती पाठ चाचपून कुणी तुमच्या ‘सरकलेल्या’ मणक्यांची यादी वाचायला लागला, तर खुशाल शंका घ्या.

झोपवून डावा पाय सरळ वर उचलला. अर्ध्यावर जायच्या आतच तो करंट पार घोट्यापर्यंत गेला. रबरी हातोडीने गुडघे आणि टाचा ठोकल्या, सगळं व्यवस्थित उडालं. मला वाटलं, चला, पास! पण कमरेच्या पाचव्या नसेची गडबड या हातोडीत बरेचदा सापडतच नाही. तिची परीक्षा वेगळी असते.

‘पायाचा अंगठा वर ओढून धर. मी खाली दाबते, तू दाबू द्यायचं नाही.’

उजवा टिकला. डावा, मी दात-ओठ खात असताना, निमूट खाली गेला. मग टाचांवर चालायला लावलं. डावा चवडा चार पावलांत जमिनीला टेकला.

‘आज मी तुला अ‍ॅडजस्ट करणार नाही,’ बाई म्हणाल्या. आणि तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली: ताकद कमी झालीय, एमआरआय करा, स्पाइनच्या डॉक्टरांना दाखवा.

एक्स-रे त्यांनी काढला नाही, तेही मला आवडलं. धोक्याची खूण नसेल तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एक्स-रे-एमआरआयची गरज नाही, असं अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ साली सांगितलंय. माझ्याकडे खूण होती, पण नसेची. ती एक्स-रेत दिसत नाही.

रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘टाचांवर म्हणजे कसं?’ आणि सोफ्यावरून उठून हॉलमध्ये चालून बघायला लागले. आई मागून ओरडली, ‘अहो, पडाल!’

चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती नसेवर आली होती. ऑपरेशन टळलं. चार महिने फिजिओथेरपी केली आणि अंगठा परत आला. नंतर मी त्याच बाईंकडून पाठीच्या वरच्या भागाची अ‍ॅडजस्टमेंट करून घेतली. कडाक् झालं. बरं वाटलं, दोन दिवस.

आता पुण्यात परत आलेय, तर इथंही टीममधल्या निम्म्या पोरी ‘कायरो’ला जातात. अमेरिकेत त्यासाठी चार वर्षांचा डॉक्टरेट कोर्स आणि राज्याचं लायसन्स लागतं. आपल्याकडे तसलं लायसन्स नाही, त्यामुळे समोरचा कुठे, किती शिकलाय हे आपणच विचारायचं. मानेच्या बाबतीत तर जास्तच. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नसा तिथूनच जातात, आणि झटक्यानंतर त्या फाटून स्ट्रोक झाल्याच्या केसेस, दुर्मिळ का होईना, नोंदल्या गेल्यात. अचानक आलेली, पूर्वी कधी नव्हती अशी मानदुखी-डोकेदुखी असेल तर मान कुणाच्याच हातात द्यायची नाही. दाढीनंतर फुकटात मान मोडून देणाऱ्या सलूनवाल्या दादांच्या तर नाहीच.

परवा शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण दहा सेशन्सचं पॅकेज घेऊन आली, डिस्काउंटमध्ये. मी विचारलं, ‘टाचांवर चालवलं का गं तुला?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘का?’

लंच टाइम होता, कॉरिडॉर रिकामा होता. मी म्हटलं, सँडल काढ.