चाळणीला अर्थ कळत नाही!

मुलांनो, आईला पीठ चाळताना तुम्ही पाहिलंच असेल. पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. इंटरनेटवरचा कचराही असाच चाळून टाकला तर? आई-बाबांचा जीव भांड्यात पडेल! ऐकायला किती सोपं, नाही?

पण एक गंमत ऐका. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचं गाव आहे, पोलादाच्या कारखान्यांचं. १९९६ साली तिथल्या लोकांना 'अमेरिका ऑनलाइन' या इंटरनेट कंपनीकडे नाव नोंदवता येईना. का? तर गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक शिवी दडलेली आहे! संगणकाने शिवी पकडली आणि अख्खं गावच दाराबाहेर ठेवलं. चाळणीला अक्षरं कळतात, अर्थ कळत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला. मुलांना दिसेल असं 'असभ्य' काही इंटरनेटवर टाकणं गुन्हा ठरलं. हेतू चांगलाच होता. पण असभ्य म्हणजे नेमकं काय? शरीराची, आजारांची उपयोगी माहितीही त्यात अडकली असती. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं! म्हणून १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा तो भाग रद्द केला.

मग कुलूप नकोच का? हवं ना! लहानांच्या हातातल्या मोबाइलला ते असावंच. पण कुलूप चुकवून एखादं घाणेरडं चित्र किंवा धमकीचा निरोप समोर आलाच, तर?

हाच प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गाला विचारला. सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, घरी सांगितलं तर मोबाइलच काढून घेतील!"

खरी अडचण ही आहे, बरं का. त्रास देणाऱ्यांचं सगळं बळ तुमच्या या गप्प बसण्यातच असतं. म्हणून पालकसभेत मी सांगितलं, "जो विश्वासाने सांगायला येईल, त्याला शिक्षा करू नका. आधी ऐकून घ्या."

आता तुमचं काम. असं काही दिसलं तर उत्तर देऊ नका, मित्रांना पुढे पाठवू नका. आई, बाबा, आजी, बाई, ज्यांच्यापाशी मन मोकळं होतं, त्यांना लगेच सांगा. घरात सांगायची सोयच नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालतो आणि पैसे पडत नाहीत.

इंटरनेटवर तारे आहेत, किल्ले आहेत, जगभरची पुस्तकं आहेत. ती खुशाल पाहा. दार उघडं राहू दे, पण तुमचं तोंडही बंद नको!