सोयरसुतक नसलेले बेट

डीलॉसवर मुक्कामाला परवानगी नाही. सकाळी मिकोनोसहून बोटीने अर्ध्या तासात पोहोचायचे आणि शेवटची बोट सुटण्याआधी धक्क्यावर हजर व्हायचे, एवढाच पाहुण्याचा हक्क. एजियन समुद्रातला हा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा खडक. ना नदी, ना सावली. आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घेऊन उतरलो, तेव्हा दहाच वाजले होते आणि दगड तापू लागले होते.

बंदी येथे नवी नाही. लेटोला कोठेच थारा मिळेना, तेव्हा या बेटाने तिला आसरा दिला व अपोलोचा जन्म येथे झाला, अशी ग्रीकांची श्रद्धा. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने या क्षेत्राचे शुद्धीकरण केले. सारी थडगी उकरून त्यांतले अवशेष समोरच्या रेनिया बेटावर हलवले आणि फर्मान काढले की, यापुढे डीलॉसवर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये. दिवस भरलेल्या बाईला आणि घरघर लागलेल्या माणसाला रेनियाला न्यावे. आपल्याकडचे सोयरसुतक काही दिवसांत फिटते. येथे त्याचे कारणच हद्दपार केले गेले. ज्या बेटाची कीर्ती एका बाळंतपणावर उभी, तेथेच बाळंतपण निषिद्ध! चार वर्षांनी तर रहिवाशांनाही काही काळ घालवून देण्यात आले. अथेन्सच्या नेतृत्वाखालील संघाचा खजिना इ.स.पू. ४५४ पर्यंत याच बेटावर होता, हे ध्यानात घेतले की या पावित्र्यात भक्ती किती आणि सत्ता किती, असा प्रश्न पडतोच.

नॅक्सॉसच्या संगमरवराचे प्रसिद्ध सिंह ओळीने बसलेले दिसतात, पण त्या प्रतिकृती. मूळचे संग्रहालयात आहेत. ते ज्या पवित्र तळ्याकडे पाहत, ते १९२५ च्या सुमारास मलेरियाच्या भीतीने कोरडे केले गेले. आता मधोमध एक ताडासारखे झाड उभे आहे. खरे सांगायचे तर देवळांपेक्षा आम्ही घरांतच अधिक रमलो. चौक, चौकाखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके, जमिनीवर डॉल्फिन आणि वाघावर बसलेली पंखधारी आकृती. एका घरात क्लिओपात्रा नावाच्या अथेनियन गृहिणीचा व तिच्या पतीचा पुतळा आहे. ती प्रसिद्ध राणी नव्हे. दोघांचीही डोकी गेली आहेत, तिच्या वस्त्राच्या चुण्या मात्र जशाच्या तशा.

ही श्रीमंती कोठून आली? इ.स.पू. १६६ मध्ये रोमने हे बंदर करमुक्त करून अथेन्सच्या हवाली केले आणि माल लोटला. त्यातला एक माल माणसांचा. एका दिवसात दहा हजार गुलाम येथे उतरवून पुन्हा रवाना करता येत, असे स्ट्रॅबो लिहितो. आकड्यात अतिशयोक्ती असेलही. त्या बाजाराची जागा आम्ही शोधत फिरलो. इटालियन व्यापाऱ्यांचा प्रशस्त चौक म्हणजेच तो, असे काहींनी मांडले, पण त्यावर विद्वानांचे एकमत नाही. वाघाच्या अंगावरचे पट्टे बारीक खड्यांनी जपले गेले. ज्यांना विकून ते खडे बसवले गेले असतील, त्यांची ओळख पटेल असे काही आम्हांला पूर्ण दुपारभर दिसले नाही. त्यानंतर त्या वाघाकडे आम्हांला पहिल्यासारखे पाहता येईना.

इ.स.पू. ८८ मध्ये मिथ्रिडेटिसच्या सैन्याने आणि ६९ मध्ये चाच्यांनी बेट लुटले. त्यानंतर ते पूर्वीसारखे उभे राहिले नाही.

आम्ही किंथॉस टेकडी चढलो. उंची ११२ मीटरच, पण त्या उन्हात तेवढीही पुष्कळ. वरून रेनिया अगदी जवळ दिसते, मध्ये निळ्या पाण्याची अरुंद पट्टी. कळा सुरू झालेल्या बाईला वारा सुटलेला असताना होडीतून पलीकडे नेणे कसे असेल, यावर आमच्यात कोणी काही बोलले नाही. तेवढ्यात खाली राखणदाराची शिट्टी झाली आणि आम्ही धक्क्याकडे उतरू लागलो.