शून्य रुपयांची किंमत

बाबांचं डोंबिवलीत स्टेशनरीचं दुकान आणि मी अंधेरीत एका छोट्या पेमेंट कंपनीत सेल्सला. काम काय, तर दुकानदाराला पटवायचं आणि काउंटरवर आमचा क्यूआर कोड चिकटवायचा! शंभराच्या बिलामागे कंपनीला दीडेक रुपया सुटायचा. त्यातूनच माझा पगार. पण आमचा कोड बाबांच्याच दुकानात नव्हता. ‘दहा रुपयांच्या वहीत मला सुटतं किती आणि त्यातलं तुला देऊ किती?’ यावर काय बोलणार, कपाळ!

मग १ जानेवारी २०२० पासून सरकारनं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला पडणारा चार्ज शून्य केला. त्याच महिन्यात बाबांनी गल्ल्याशेजारी कोड लावला. आमचा नव्हे हं, फोनपेचा!

आता फुकट सेवा द्यायची तर खिसा खोल हवा ना? फोनपेच्या मागे वॉलमार्ट, गुगल पेच्या मागे साक्षात गुगल. आज तोटा सोसू, उद्या कर्ज-विमा विकून भरून काढू, असा त्यांचा हिशेब. आमच्या मालकांकडे ‘उद्या’च नव्हता. त्यात लॉकडाउन आला. दिवाळीआधी मी घरी!

गंमत बघा, यूपीआय आपलंच. बँकांनी मिळून उभ्या केलेल्या एनपीसीआयनं २०१६ मध्ये ते आणलं. रस्ता आपण बांधला, टोल माफ केला आणि गाड्या धावतायत त्यांच्या. हे एनपीसीआयलाही खटकलं. नोव्हेंबर २०२० मध्ये तिनं फर्मान काढलं, एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत. मुदत २०२२ अखेरची. मग ती झाली २०२४ ची, मग २०२६ ची. कारण सरळ आहे. लोकांना आवडतं ते अ‍ॅप बंद कोण करणार? २०२४ मध्ये दहातले आठहून जास्त व्यवहार या दोघांकडेच होते.

मी आता एका बँकेत आहे. परवा जेवताना बाबांना विचारलंच, ‘उद्या या दोघांनी चार्ज मागितला तर?’

बाबा भात कालवत म्हणाले, ‘तर दुसऱ्याकडे जाईन.’

मग जरा थांबून म्हणाले, ‘तुमची ती कंपनी... अगदीच बंद झाली का रे?’