कशावरून?

तत्त्वज्ञान म्हटलं की आपली पोरं जांभया देतात. ते भरल्या पोटाचं काम, प्राध्यापकांचं. मला हे पटत नाही. 'मी कोण?' हा प्रश्न उपनिषदवाल्यांनी निवांत बसून स्वतःला विचारला. आपल्याला तो पाणवठ्यावर दुसऱ्यांनी विचारला, 'कुणाचा रे तू?' आणि उत्तर दिलं की मार. मग या प्रश्नाचा अभ्यास कुणी करायचा?

त्यांनी उत्तरही तयार ठेवलेलं. छांदोग्य उपनिषद सांगतं, वाईट वागणारा कुत्र्याच्या, डुकराच्या नाहीतर चांडाळाच्या योनीत जातो. माझी आजी छांदोग्य कुठनं वाचणार, पण चूल फुंकताना तीही हेच म्हणायची, 'मागल्या जन्मीचं पाप, बाबा.' हे उत्तर उसवून बघा. पाप केलं, कशावरून? तर आज हाल आहेत त्यावरून. हाल कशामुळं? तर पाप केलं म्हणून. घाण्याचा बैल, दिवसभर चालतो नि जागच्या जागी. आमच्या खात्यातला जॉबरसुद्धा असला हिशोब खपवून घेणार नाही. धागा तुटला तर साचा कुठं बिघडलाय ते तो बघतो, मागच्या जन्मीचा कापूस काढत नाही.

ग्रीकांकडं तरी काय? अ‍ॅरिस्टॉटलला तर्कशास्त्राचा बाप म्हणतात. त्याच बापानं 'पॉलिटिक्स'मध्ये लिहिलं की काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात. जिना सरळ बांधलेला, पहिली पायरीच सडकी. तेव्हा त्याच्याकडनं जिना बांधायला शिकायचं, पण पायरी ठोकून बघूनच वर चढायचं.

ही ठोकायची रीत बघायची असेल तर बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' काढा. 1957 साली, त्यांच्या पश्चात निघाला. प्रस्तावनेतच प्रश्न मांडलेत. सिद्धार्थानं म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलं नि घर सोडलं, ही गोष्ट घरोघरी सांगतात. बाबासाहेब विचारतात, 29 वर्षांच्या माणसाला तोवर हे कधी दिसलंच नव्हतं? बुद्धीला पटत नाही. म्हणून ते शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढं आणतात. (पाण्याचा तंटा! आपल्याला वेगळं समजावायला नको.) पुढं आणखी एक : आत्माच नाही तर पुनर्जन्म कुणाचा? 14 ऑक्टोबर 1956 ला लाखोंना घेऊन ज्याच्या वाटेनं गेले, त्याच्या चरित्रालाही त्यांनी कसोटी लावली.

आणि आपण? मागच्या बैठकीत एका पोरानं विचारलं, 'दादा, बाबासाहेब हे कुठं म्हणालेत? पान दाखवा की.' दादा कडाडले, 'बस खाली! शंका घेतोस?' पोरगं बसलं. नंतर फिरकलंच नाही. दादांच्या डोक्यावर भिंतीला फळा होता, त्यावर केसपुत्तच्या कालामांना बुद्धानं सांगितलेलं : ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. सुंदर अक्षरात. दादांच्याच.

त्या पोराला मी भेटून आलोय. येत्या रविवारी प्रस्तावनेपासून वाचन सुरू करतोय, सुरुवात तोच करील. दादांनाही निरोप दिलाय. पुस्तकाच्या दोनच प्रती आहेत, एकीची पानं सुटलीत. कुणाकडं असेल तर घेऊन या.